शपथेवाचून

आमच्या घरात शपथेला बंदी होती. दारू, तंबाखू, तमाशा यांना बंदी असणं साताऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीत नवं नव्हतं. शपथेचं खूळ मात्र खास आमच्या वडिलांचं. ते मिशनच्या बोर्डिंगात माळी होते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांना थोडंच वाचता यायचं, पण जेवढं वाचलं तेवढं ते कुदळीसारखं हातात धरत. म्हणायचे, "होय म्हणालास की ते होय झालं पाहिजे. त्याला बाहेरून टेकू द्यायची वेळ आली तर आत काहीतरी कुजलंय असं समज." देवाची शपथ नाही, आईची नाही, गळ्याची नाही, अन्नाची नाही.

मोठ्यांचं यात काही बिघडत नव्हतं. मुलांचं बिघडायचं. विटीदांडू खेळताना मी विटी झेलायचो आणि समोरचा ओरडायचा, "घे आईशप्पथ!" मी म्हणायचो, "झेललीय म्हणून सांगतोय ना." "मग घे की शप्पथ!" मी हातातली विटी पुढं करायचो. लगेच सगळे एका सुरात ओरडत, "लबाड! लबाड!" आणि डाव त्याचाच. घरी येऊन रडलो तर वडील म्हणाले, "मग दुसरा खेळ खेळ." एवढीच त्यांची सहानुभूती. शपथेशिवायचा खेळ मला साताऱ्यात सापडला नाही, म्हणून मी बोर्डिंगच्या कट्ट्यावर बसून इतरांचा खेळ बघायला शिकलो. पुढच्या आयुष्याची ती बरी तालीम झाली.

शिकून मास्तर झालो आणि मिशननं मला आष्ट्याजवळच्या एका खेड्यात शाळेवर धाडलं. जर्मनीची लढाई सुरू झाली होती. ते गाव सातारा जिल्ह्यातलं, पण बाजारहाट, दवाखाना, आमची रविवारची उपासना, सगळं संस्थानातल्या सांगलीला. शाळा म्हणजे महारवाड्याच्या टोकाला एक लांब खोली आणि तिला चिकटून माझ्या दोन लहान खोल्या. गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर आमचं. 'आमचं' म्हणतो, कारण पहिल्या वर्षी बायको होती. वर्ष भरायच्या आत ती तापानं गेली. तिला सांगलीच्या आमच्या दफनभूमीत पुरलं, आणि मी परत येऊन चूल पेटवली. सासुरवाडीच्यांनी दुसऱ्या लग्नाचं काढलं. मी नको म्हणालो. तिच्या जागी दुसरी आणून बसवावी असं वाटेना, आणि तसं म्हणायची लाज वाटे, म्हणून मी प्रभूच्या कामाचं कारण पुढं केलं.

त्यानंतर मी ठरवून चांगला माणूस व्हायला लागलो. पहाटे प्रार्थना, दिवसभर शाळा, संध्याकाळी आजाऱ्यांना भेटणं. कुणाची निंदा करायची नाही, कुणाचं फुकट घ्यायचं नाही, रागावलं तर सूर्य बुडायच्या आत मिटवायचं. हे शेवटचं मला फार जड जाई, कारण मी मूळचा चिडका. गाव मला मान द्यायचं. मी आलो की चावडीवरचे लोक विड्या लपवत आणि चालू गोष्ट तोडत. चांगल्या माणसाजवळ फार वेळ कुणी बसत नाही, हे मला तिथं कळलं. मान मिळायचा, गप्पा मिळायच्या नाहीत.

एक माणूस तेवढा बसायचा. जवळच्या मळ्यातला शेतकरी, माझ्याच वयाचा, मराठा, चार बुकं शिकलेला. आमची ओळख पाण्यानं झाली. उन्हाळ्यात महारवाड्याची विहीर आटायची. गावाच्या विहिरीवर आमच्या लोकांना जाता येत नव्हतं, आणि धर्म बदलला तरी गावाच्या लेखी आमची जात तीच. मी कळशी घेऊन या मळ्यातल्या विहिरीपाशी उभा राहिलो. तो मोट थांबवून आला, बादलीनं पाणी शेंदलं आणि वरून माझ्या कळशीत ओतलं. ओतता ओतता म्हणाला, "मास्तर, तुमचा देव पान्यावरनं चालत गेला म्हंत्यात. मग तुमास्नी हिरीवर का चालंना?"

मी म्हणालो, "मला चालतं. गावाला चालत नाही."

तो इतका हसला की अर्धं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. त्या दिवसापासून रोज सकाळी तो माझी कळशी भरायचा आणि संध्याकाळी शाळेच्या पायरीवर येऊन बसायचा. माझ्यासमोर विडी ओढायचा, मनसोक्त शिव्या द्यायचा, आणि शिवी गेली की "तुमच्या देवाला ऐकू गेली आसंल तर माप करा म्हनावं," म्हणायचा. गुऱ्हाळ चालू झालं की गरम गूळ आणायचा. फुकट घ्यायचं नाही हा माझा नियम त्याच्यापुढं टिकला नाही. बायको गेल्यावर माझ्याशी माणसासारखं बोलणारा तो एकटा होता, आणि मी त्याला जीव लावून बसलो होतो.

त्याचा एक चुलता होता, तात्या, विधुर आणि मूलबाळ नसलेला. मळ्यातच खोपीत राहायचा. विहिरीला लागून असलेला चांगल्या काळ्या रानाचा तुकडा आणि विहिरीच्या पाण्यातली एक पाळी त्याच्या वाट्याची. तो अंथरुणाला खिळला तेव्हा माझ्या मित्रानं त्याचं सगळं केलं. भरवणं, धुणं, कूस बदलणं, सगळं. दुसराही एक पुतण्या होता, मित्राचा चुलत भाऊ. तो माणूस वाईट नव्हता, पण गावात राहायचा आणि सणावाराला डोकावायचा.

मी आजाऱ्यांना भेटायच्या माझ्या नेमाप्रमाणे म्हाताऱ्याकडं जायचो. धडधाकट असताना त्यानं माझी सावली टाळली होती. आता शिवाशीव राहिली बाजूला. मी प्रार्थना करू का विचारलं तर म्हणाला, "तुमचं त्ये डोळं मिटायचं ऱ्हाऊ द्या, मास्तर. जरा पाय चेपा." मी पाय चेपायचो आणि प्रार्थना मनात करायचो.

एका दुपारी मित्र गुऱ्हाळावर गेला होता आणि खोपीत आम्ही दोघंच होतो. म्हातारा आढ्याकडं बघत होता. मग म्हणाला, "मास्तर, ह्या पोरानं माझं लय केलं. पोटचा आसता तर एवढं केलं नसतं. हिरीकडचा तुकडा आन् माझी पाळी त्येलाच. दुसऱ्याचा त्येच्यात हात नगं. ध्यानात ठेवा." मी ध्यानात ठेवतो म्हणालो. चारचौघांना बोलावून सांगा, असंही म्हणालो. "उद्या बोलवू," म्हणाला. त्यानंतर त्याची वाचाच बसली, आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी मित्राला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. तो पायरीवर बसला होता. विडी हातातच विझली. "पोटचा आसता तर, आसं म्हनलं?" त्यानं विचारलं. मी होय म्हणालो. तो डोकं खाली घालून बसला आणि त्या संध्याकाळी एक शिवी त्याच्या तोंडातून निघाली नाही.

चुलत भावानं अर्ध्या वाट्याचा हक्क सांगितला. त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. म्हाताऱ्याला मूल नाही, पुतणे दोन, वाटे दोन. बेचाळीसनंतरचे ते दिवस. तरणी पोरं भूमिगत होती, पोलिसांची सारखी ये-जा होती आणि सरकारी कचेरीची पायरी चढायला कुणी धजत नव्हतं. भांडणं गावातच मिटायची. पंच बसले. साक्षीदार मी एकटा. पंचांनी आपसात बोलून निकाल दिला की मास्तरांनी भैरोबापुढं बेलभंडारा उचलावा आणि ऐकलं ते सांगावं, म्हणजे तुकडा चाकरी करणाऱ्याचा. बेलाची पानं आणि भंडाऱ्याची हळद हातावर घेऊन बोललेलं त्या गावात कुणी खोटं धरत नसे, आणि खोटं बोलायला भंडारा उचलावा इतकी छातीही कुणाला नव्हती.

देवळापुढं सगळं गाव जमलं. माझा आजा ज्या देवळाच्या आवारात पाऊल टाकू शकला नसता, तिथं मला पायरीपर्यंत बोलावलं होतं. वर नाही, पायरीखाली. पुजारी वर उभा होता. भंडारा वरून माझ्या ओंजळीत टाकायचा, अशी सोय ठरली होती.

पंचांतले सगळ्यात वयस्क होते ते म्हणाले, "हात म्होरं करा, मास्तर."

मी हात पुढं केले नाहीत. म्हणालो, "मी ऐकलं ते तुम्हाला सांगितलं. पुन्हा सांगतो, हवं तितक्यांदा सांगतो. पण शपथ घेणार नाही."

"आमच्या देवाची नगं आसंल तर तुमच्या देवाची घ्या. आमचं काय म्हननं न्हाई."

"त्याचीही घेत नाही. त्यानंच नको म्हटलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्येंचा देव बी जामीन ऱ्हाईना की रं!" आणि लोक हसले. मित्र हसला नाही. तो माझ्या जवळ आला, इतका जवळ की त्याच्या अंगाचा उसाच्या रसाचा वास मला आला. हळू आवाजात म्हणाला, "आवं मास्तर, हळद हाय ती. नुस्ती हळद. धरा की हातात. माझ्यासाटनं."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला वडील दिसले, विटीदांडू खेळणारी पोरं दिसली, आणि भीती वाटली की आज हात पुढं केला तर आजवरचं माझं एकटं जगणं फुकट जाईल. त्या जगण्याला दुसरा आधारच नव्हता. मी म्हणालो, "माझा शब्द पुरेसा नसेल तर माझ्याजवळ दुसरं काही नाही."

पंचांनी चुलत भावाला विचारलं. तो म्हणाला, "माझ्या म्होरं तात्या कवा काय बोलला न्हाई." त्यानं भंडारा उचलला आणि तेच पुन्हा म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्यासमोर म्हातारा काही बोलला नव्हताच. तुकड्याचे दोन वाटे झाले, पाळीचेही दोन झाले, आणि सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेऊन गेलो. मनात म्हटलं, हाकलून देईल. हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मोट थांबवली, पाणी शेंदलं, कळशी काठोकाठ भरली आणि परत बैलांकडं गेला. एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी तो पायरीवर आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. पुढं मी त्या गावात होतो तितकी वर्षं त्यानं माझी कळशी रोज भरली, आणि मी रोज त्याच्या हाताकडं बघत उभा राहिलो. पाणी ओतताना एक थेंब बाहेर सांडायचा नाही.

एकदा न राहवून मी म्हणालो, "तू माझ्यावर रागावलास, ते मला कळतं."

"राग न्हाई," तो म्हणाला. "काय बोलायचंच न्हाई, मास्तर." आणि बादली खाली सोडली.

सांगलीला मात्र माझं कौतुक झालं. ही गोष्ट तिथं कशी पोचली कोण जाणे. आमच्या पाळकांनी उपदेशात माझा दाखला दिला, की आपल्यातला एक बंधू मूर्तीपुढं वाकला नाही. मूर्तीचा प्रश्नच नव्हता, हे त्यांना उपासनेनंतर सांगायला गेलो तर त्यांनी माझा हात दाबून म्हटलं, "नम्रता, नम्रता!" मंडळीतल्या बायकांनी जेवायला बोलावलं, रस्सा वाढला, आग्रह केला. ज्या माणसासाठी मी हात पुढं केला नाही त्याचा ऊस पाण्यावाचून करपत होता, आणि मला इथं देवभीरू म्हणून वाढत होते. जेवण टाकून उठणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी शेवटपर्यंत बसलो. मग दफनभूमीत गेलो. बायकोच्या कबरीवर गवत वाढलं होतं, ते उपटत तिला सगळं सांगितलं. ती असती तर माझी बाजू घेतली असती की त्याची, ते मला ठरवता आलं नाही. आमचा संसारच तेवढा झाला नव्हता.

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर मी एकटा बसायचो. मळ्यातून मोटेचं कुरकुरणं ऐकू यायचं. पाळी त्याची की भावाची, हे बैलांना घातलेल्या हाकेवरून कळायचं. त्याची असली की मी उशिरापर्यंत बसायचो. प्रार्थना चालू ठेवली होती. प्रभूला म्हणायचो, तू सांगितलंस तसं वागलो, मग हे असं का? उत्तर येत नसे. येईल अशी माझी समजूतही नव्हती, पण विचारायला दुसरं कुणी नव्हतं. हात पुढं करायला हवा होता का? आजही कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येत नाही. हात पुढं केला असता तर मी त्या माणसाच्या उपयोगी पडलो असतो. न केल्यानं मी माझ्या वडिलांचा मुलगा राहिलो.

लढाई संपल्यावर माझी बदली साताऱ्याला झाली, ज्या बोर्डिंगात मी वाढलो तिथंच. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि ती कळशी. आष्ट्यापर्यंत गाडी कुणाची मिळते याची मी चौकशी करत होतो, तोवर जायच्या सकाळी तो स्वतःच गाडी जुंपून दारात उभा. मी बोलावलं नव्हतं. त्यानं ट्रंक उचलून गाडीत ठेवली, वळकटी ठेवली, कळशी गवतात नीट बसवली आणि जोखडापाशी गेला. मी मागं बसलो. सगळी वाट त्याची पाठ माझ्यासमोर होती. दोन्हीकडं ऊस. काही बोलावं म्हणून मी घसा खाकरायचो, तो बैलांना हाक द्यायचा, आणि माझं बोलणं तिथंच राहायचं.

आष्ट्यात मोटारीच्या थांब्यावर त्यानं सामान उतरवलं. मोटार अजून लागायची होती. मला वाटलं, तो लगेच फिरेल. तो फिरला नाही. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मास्तर, एक इचारू?"

"विचार की."

"तात्या खरंच तसं म्हनलं हुतं का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय?"

"न्हाई, म्हंजी..." तो अडखळला. "मला वाटलं, तुमी माझ्या मायेपोटी सांगितलंसा. मला बरं वाटावं म्हनून. आन् मग भंडारा म्होरं आला तवा तुमास्नी उचलवंना. तुमी देवाला भिऊन ऱ्हानारं. माझ्यासाटनं खोटं बोललासा, म्हनून मला तुमचा राग बी येईना. पर बोलायचं तरी काय मग?"

विटीदांडूच्या पोरांनी मला लहानपणीच हे ओरडून सांगितलं होतं, आणि मला ते या माणसाच्या बाबतीत एकदाही सुचलं नव्हतं. मी त्याचा राग सोसत होतो, आणि राग नव्हताच. मी पाण्याचं नुकसान मनाला लावून घेत होतो.

तो पुढं म्हणाला, "पान्याचं काय न्हाई वो. ऊस काय, एक साल हुतोय, एक साल जळतोय. पर वरीसभर मी त्येला ह्या हातानं भरवलं. आन् जाताना त्येच्या तोंडात माझ्यासाटनं एक शबुद बी न्हवता, ह्ये आत डाचत हुतं. रोज डाचत हुतं."

मी म्हणालो, "होता. तू पोटचा असतास तर एवढं केलं नसतंस, असं तो म्हणाला. आधी ते म्हणाला, मग तुकड्याचं बोलला."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. थेट, डोळ्यांत. त्याचे ओठ हलले, आणि आता तो काय मागणार हे मला ठाऊक होतं. खेड्यातला कुठलाही माणूस अशा वेळी तेच मागतो. आणि सांगतो, त्यानं ते मागितलं असतं तर मी दिलं असतं. देवाची, वडिलांची, सांगलीच्या मातीत निजलेल्या माझ्या बायकोची, तो म्हणेल त्याची शपथ मी भर थांब्यावर मोठ्यानं घेतली असती. आजवरचं सगळं जगणं त्या एका शब्दावर ओवाळून टाकायला मी तयार झालो होतो. हातसुद्धा थोडा वर आला होता.

त्यानं माझा तो हात पाहिला. पुढं येऊन धरला आणि खाली केला. त्यानं माझ्या हाताला हात लावायची ती पहिलीच वेळ.

"नगं," तो म्हणाला. "तुमी सांगितलंसा न्हवं. झालं मग."

मोटार आली. त्यानं माझी ट्रंक टपावर चढवली. कळशी मात्र परत गाडीत ठेवली. म्हणाला, "ही ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. साताऱ्याला नळ हाईत."